केंटकीचा चंद्र

अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेत वाढलेल्या कंट्री संगीताच्या गाण्यातला चंद्र कुठल्या ना कुठल्या गावचा असतो. केंटकीचा चंद्र, कॅरोलायनाचा चंद्र, मिसिसिपीचा चंद्र. आपल्या भावगीतांत आणि सिनेमाच्या गाण्यांत चंद्र बहुतेक वेळा कुणाच्या तरी मुखड्यासाठी धावून येतो. तो कोकणातला की वऱ्हाडातला, हे कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या गाण्यांत मात्र चंद्रासारखी प्रेयसी फारशी भेटत नाही. चंद्र तिच्या चेहऱ्यात नसतो, तिच्या घरावर असतो. गाणारा दूर कुठेतरी अडकलेला असतो आणि तिच्या अंगणातलं जे काही त्याला अजून दिसू शकतं, ते म्हणजे तेवढा चंद्र.

मी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत राहते. शहराच्या दक्षिणेला ओहायो नदी आणि नदी ओलांडली की केंटकी राज्य. इथल्या उन्हाळ्यात पौर्णिमेचा चंद्र पाहिला की या गाण्यांचं निम्मं काम आकाशच करून टाकतं. जून-जुलैतला पूर्ण चंद्र आग्नेयेला उगवतो, मध्यरात्रीसुद्धा फार वर चढत नाही, आणि दक्षिणेकडे कललेलाच रात्र काढून नैर्ऋत्येला मावळतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून ज्या दिवसांत सूर्य डोक्यावर, त्या दिवसांत चंद्र खाली. सिनसिनाटी ३९ अक्षांशांवर आहे. इथे तो क्षितिजापासून जेमतेम २५-३० अंश वर येतो. पुण्याहून पाहिलेला ज्येष्ठातला चंद्र यापेक्षा खूपच वर असतो. इथे प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, त्यामुळे रंगही पिवळट, कधी तांबूस. नदीच्या या काठावरून पाहिलं तर तो केंटकीच्या टेकड्यांवरच टेकलेला असतो. या काठावरच्या माणसाला तो केंटकीचा वाटला, तर त्यात कवीची काही करामत नाही.

आणि या काठावर अशी माणसं पुष्कळ होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तर लोंढ्यांनी, ॲपलाचियाच्या डोंगरातली माणसं कारखान्यांच्या ओढीने उत्तरेला आली: सिनसिनाटी, डेटन, ॲक्रन, डेट्रॉइट, शिकागो. कोळशाच्या खाणी बंद पडत होत्या, डोंगरउतारावरच्या शेतीत पोट भरत नव्हतं. आमच्या शेजारी एक आजोबा राहायचे. त्यांचे वडील पूर्व केंटकीतून असेच आलेले. शुक्रवारी पाळी सुटली की सगळं कुटुंब गाडीत बसून गावी निघायचं आणि रविवारी रात्री परत यायचं, असं त्यांचं बालपण. दक्षिणेला जाणारे रस्ते शुक्रवारी रात्री गाड्यांनी भरून जायचे. मुंबईतल्या गिरणगावातल्या कोकणी चाकरमान्याला शिमग्याला नि गणपतीला जाता यायचं. इथे अंतर कमी म्हणून ओढ दर आठवड्याला. चंद्राच्या गाण्यांचा खरा श्रोता हा. बायको किंवा प्रेयसी मागे राहिली असेल नसेल, गाव मात्र नक्की मागे राहिलेलं.

ब्लूग्रास या कंट्रीच्या प्रकाराचा जनक मानला जाणारा गायक बिल मन्रो त्यांच्यातलाच. जन्म १९११ चा, केंटकीतल्या रोझीन या छोट्याशा गावचा. आठ भावंडांतला धाकटा, नजर तिरळी, लाजरा. आई गेली तेव्हा तो १० वर्षांचा होता, वडील गेले तेव्हा १६ वर्षांचा. थोरली भावंडं कामाच्या शोधात उत्तरेला निघून गेलेली. मग तो मामाकडे राहिला. पेन व्हॅन्डिव्हर, आजूबाजूच्या गावांत नाचाच्या रात्रींना फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवणारा. पोरगा त्याच्या साथीला. आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटारवादकाबरोबरही त्याने याच वयात वाजवलं आणि ब्लूजची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांची, जी छटा पुढे त्याच्या संगीतात मुरली, ती तिथून आली. नंतर तोही भावांमागोमाग इंडियानाला गेला, तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपं धुण्याचं काम केलं. 'ब्लू मून ऑफ केंटकी' त्याने रचलं ते याहून बरंच नंतर, १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित झालं. तोवर तो टेनेसीतल्या नॅशव्हिलहून शनिवारी रात्री रेडिओवर होणाऱ्या 'ग्रँड ओल ऑप्री' या कार्यक्रमाचा नावाजलेला गायक होता. पण गाणं सुचलं ते गावात बसून नाही. फ्लोरिडाकडच्या दौऱ्यांवरून गाडीने परतताना, रस्त्यात.

ते मूळ ध्वनिमुद्रण ऐकावं. तीन मात्रांची संथ वॉल्ट्झ, मागे फिडल, आणि वर मन्रोचा टिपेचा आवाज. तो आवाज गोड नाही. तो वर चढतो तेव्हा किंचित फाटेल की काय असं वाटतं आणि फाटत नाही. शब्द अगदी थोडे. चांदण्या रात्री ती निघून गेली, ताऱ्यांनी वरून ती बातमी दिली. एवढीच कथा. मागणं चंद्राकडे आहे, आणि हे मागणं मला या सबंध परंपरेतलं सगळ्यात मोठं वाटतं. तिला परत आण, असं तो म्हणत नाही. तिला माझी आठवण दे, असंही नाही. मला सोडून गेली, खोटी निघाली, ती जिथे असेल तिथे तिच्यावर तुझा उजेड पडत राहू दे, एवढंच. दुखावलेला माणूस ज्याने दुखावलं त्याच्यासाठी उजेड मागतो. गाणाऱ्याला ते औदार्य आहे याची जाणीवही नाही. त्याच्या लेखी चंद्र गावचा, ती गावची, मग तिच्यावर तो पडायचाच.

१९५४ च्या जुलैत मेम्फिसच्या सन स्टुडिओत १९ वर्षांच्या एल्विस प्रेस्लीने हेच गाणं चार मात्रांत, पळवत म्हटलं आणि त्याच्या पहिल्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ते आलं. विरहाचं गाणं एकाएकी उड्या मारायला लागलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो ऑप्रीच्या मंचावर गायला आला, तेव्हा त्याने चाल बदलल्याबद्दल मन्रोची माफी मागितली, असं मन्रो पुढे सांगत असे. मन्रो रागावला नव्हता. त्याने ते गाणं त्याच वर्षी स्वतः पुन्हा मुद्रित केलं: सुरुवात जुन्या वॉल्ट्झमध्ये आणि मध्यावरून एकदम नव्या पोराची धावती लय. या दुसऱ्या मुद्रणावर माझा फार जीव आहे. एकाच गाण्यात आधी माणूस रडतो आणि मग चालायला लागतो. १९८८ मध्ये केंटकीने हे आपलं अधिकृत ब्लूग्रास गीत ठरवलं.

या गाण्यांत चंद्र इतका का, याचं एक उत्तर अगदी व्यवहारातलं आहे. १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या शेतघरांपैकी जेमतेम दहातल्या एका घरात वीज होती. दक्षिणेच्या डोंगरात तर त्याहून वाईट स्थिती. अशा ठिकाणी नाचाची रात्र, चर्चची संध्याकाळची सभा, मुलगी बघायला जाणं, हे सगळं चंद्र बघून ठरायचं. परतताना वाट दिसली पाहिजे. त्यांच्या चंद्रात शृंगार आहे तसा कंदीलही आहे. आणि गाणी पोचायची तीही रात्रीच. ऑप्री जिथून प्रसारित व्हायची त्या नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्राचा प्रक्षेपक १९३२ पासून ५०,००० वॉटचा. मध्यम लहरींचा एक धर्म आहे: दिवसा त्या जवळपासच विरतात, सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल पार पोचतात. लहानपणी रात्री उशिरा रेडिओचा काटा फिरवताना कुठलं तरी लांबचं केंद्र खरखरत लागायचं, ते ज्यांना आठवतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. शनिवारच्या रात्री डेट्रॉइटच्या भाड्याच्या खोलीत टेनेसीहून आवाज यायचा, तोही अंधारावर स्वार होऊन. चंद्र आणि गाणं एकाच वेळी, एकाच वाटेने यायचे.

हँक विल्यम्सचा चंद्र याहून वेगळा. अलाबामातला मुलगा, जन्म १९२३ चा, पाठीच्या कण्याचं दुखणं जन्मापासूनचं. 'आय'म सो लोनसम आय कुड क्राय' त्याने ३० ऑगस्ट १९४९ रोजी मुद्रित केलं ते इथेच, सिनसिनाटीत, रेस स्ट्रीटवरच्या हर्झोग स्टुडिओत. इमारतीवर आता एक फलक आहे. बाकी रस्ता नेहमीसारखा वाहत असतो. गाण्याला ध्रुवपद असं नाही. चार कडवी आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच एक ओळ. आधी रातपक्षी, इतका खिन्न की त्याला उडवत नाही. लांबून मध्यरात्रीची आगगाडी. मग संपता न संपणारी रात्र, आणि त्यात चंद्र ढगामागे जातो, तोंड लपवून रडायला. मग पानं सुकताना रडणारा रॉबिन पक्षी. शेवटी जांभळ्या आभाळात निःशब्द तुटणारा तारा, आणि तिथे, अगदी तिथे, तो पहिल्यांदा विचारतो की तू कुठे असशील. म्हणजे जिच्यासाठी हे सगळं, तिला तीन कडवी वाट बघावी लागली. तोवर आपल्याला वाटत राहतं की हा कुणासाठी नाही, असाच एकटा आहे. खऱ्या एकटेपणात हाच क्रम असतो. आधी नुसतं काही सुचेनासं होतं, आवाज ऐकू यायला लागतात, घड्याळ पुढे सरकत नाही, आणि मग कधीतरी त्या माणसाचं नाव ओठांवर येतं.

आपल्याकडच्या विरहिणीला चंद्र छळतो. संस्कृत काव्यात चंद्रकिरण पोळतात. ज्ञानेश्वरांच्या विराणीतल्या तिला चंद्र, चांदणं, चाफा, चंदन, काही म्हणजे काही आवडेनासं झालंय. जे एरवी सुख देतं तेच आता वैरी. हँकच्या गाण्यात चंद्र वैरी होत नाही. तो बिचारा स्वतःच कोसळलेला आहे. त्याच्याजवळ सांत्वन मागायला जावं तर तो आधीच ढगाआड हुंदके देतोय. कंट्रीतला चंद्र देव नाही, दूत नाही, पंचतारांकित सौंदर्य तर मुळीच नाही. तो गावातलाच एक आहे, त्यालाही तितकंच दुःख होतं. हँक १ जानेवारी १९५३ ला मोटारीच्या मागच्या आसनावर गेला, कार्यक्रमाला जात असताना. वय २९.

त्या मुद्रणात स्टील गिटार वाजवली आहे जेरी बर्डने, आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. तारेवर पोलादी पट्टी ठेवायची आणि ती सरकवत एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचं, मधली सगळी वाट ऐकवत. आपण ज्याला मींड म्हणतो तेच. हे वाद्य कंट्रीत आलं हवाई बेटांवरून. तिथे १९ व्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रुजली. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या भव्य प्रदर्शनानंतर सबंध अमेरिकेत हवाईयन संगीताचं वेड पसरलं, तंबूंमधून खेळ गावोगाव फिरायला लागले. ओहायोतल्या लायमा गावच्या जेरी बर्डने लहानपणी असाच एक तंबूतला खेळ पाहिला आणि तो त्या वाद्याचा झाला. पुढे तर नॅशव्हिल सोडून हवाईतच जाऊन राहिला. त्या बेटांवरच्या गाण्यांत समुद्र, चांदणं आणि निरोप भरपूर. मला वाटतं, चंद्र कंट्रीत शब्दांतून जितका आला तितकाच या वाद्यातूनही आला. हँक चंद्राबद्दल गातो तेव्हा मागे जो सूर हळूच खाली घसरतो, तो काढून टाकला तर चंद्र रडतो यावर विश्वास बसणार नाही. हेच वाद्य त्याच काळात आपल्याकडेही आलं. ताऊ मो हा हवाईयन वादक १९४० च्या दशकात कोलकात्यात राहत होता. तिथून ते हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरलं, पुढे ब्रिजभूषण काबरांनी त्यावर राग मांडले. जुन्या हिंदी गाण्यांवर वाढलेल्या माझ्यासारखीला कंट्री परकं वाटत नाही, त्यात या एका सरकत्या स्वराचा वाटा मोठा आहे.

टेक्सासकडच्या गुराख्यांचा चंद्र आणखी निराळा. १८७० च्या दशकात हजारो गुरं हाकत कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत नेताना रात्रीचा पहारा असे, आणि पहारेकरी घोड्याच्या चालीवर हळू आवाजात गात, गुरं बिथरू नयेत म्हणून. त्याच टेक्सासात वसाहतकरी पौर्णिमेला भीत, कारण त्या उजेडात कोमांची या मूळनिवासी टोळ्यांचे हल्ले होत. पुढे सिनेमातल्या गाणाऱ्या काउबॉयने ही भीती पुसून टाकली आणि फक्त चांदणं ठेवलं. ती गाणी कानाला छान लागतात, पण मला त्यांच्यात राहावंसं वाटत नाही.

पॅट्सी क्लाइन या गायिकेपाशी मात्र थांबावंच लागतं. चंद्राच्या गाण्यांत बाई बहुतेक वेळा गेलेली असते किंवा खिडकीत असते. 'वॉकिंग आफ्टर मिडनाइट' मध्ये ती मध्यरात्रीनंतर घराबाहेर पडते आणि चांदण्यात, हमरस्त्याच्या कडेने, मैलच्या मैल चालत सुटते. त्याला शोधत. तोही कदाचित असाच मला शोधत फिरत असेल, या आशेवर. जानेवारी १९५७ मध्ये आर्थर गॉडफ्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात तिने हे गायलं. तिची आई तिच्यासाठी फिती-झालरी लावलेले काउगर्लचे पोशाख शिवत असे. तिथे तो घालू दिला नाही, साधा शहरी झगा घालून ती उभी राहिली आणि जिंकली. गाण्याची लय चालण्याची आहे, पावलं ऐकू येतात. आवाजात भीती औषधालासुद्धा नाही. वाटेत एक विलो वृक्ष रडताना दिसतो, वारा कानाशी लागतो, ती थोडी थांबते, पुन्हा चालते. १९५७ सालच्या बाईने रात्री एकटीने रस्त्यावर असणं ही काय चीज होती, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला समजावून सांगायला नको. चंद्र इथे तिचा सोबती आहे, तिला हटकत नाही. व्हर्जिनियातल्या विंचेस्टरची ही मुलगी १९६३ मध्ये विमान अपघातात गेली, तिशीतच.

मग शहरं उजळली. डोंगरातून आलेल्यांची मुलं-नातवंडं उपनगरांत राहायला गेली, आणि चंद्र दिव्यांच्या झगमगाटात बाजूला पडला. 'नीऑन मून' हे १९९२ मध्ये बिलबोर्डच्या कंट्री यादीत अव्वल आलेलं ब्रूक्स अँड डन यांचं गाणं, रॉनी डनने लिहिलेलं. रुळांपलीकडचा एक पडीक बार, मागच्या कोपऱ्यात दोघांचं टेबल, त्यावर एकटाच बसलेला माणूस, आणि भिंतीवरच्या नीऑन दिव्याचा उजेड. तोच त्याचा चंद्र. पहिल्यांदा ऐकलं की ही शहरी चतुराई वाटू शकते. मला त्यात जुन्या गाण्याचाच नातू दिसतो. गाव राहिलं नाही, तिच्या घरावरचा चंद्र कुठला दिसणार, मग ज्या छपराखाली बसलोय तिथला उजेड चंद्र समजायचा. आणि तिथेही कुणाला मज्जाव नाही. ज्याचं माणूस गेलं, त्याला इथे जागा आहे, असंच गाणं म्हणतं. केसी मस्ग्रेव्हज या गायिकेने २०१९ मध्ये ब्रूक्स अँड डनबरोबर हे पुन्हा गायलं, तेव्हा नाचघरातला मंद ठेका लावला. तोही शोभला.

त्याच १९९२ साली नील यंगचं 'हार्वेस्ट मून' आलं. माणूस कॅनडाचा, राहणार कॅलिफोर्नियाचा, रॉक संगीतात वाढलेला. काटेकोर रसिक त्याला कंट्रीत धरणार नाहीत. मी धरते. बेन कीथची स्टील गिटार आहे, लिंडा रॉनस्टॅटचा मागचा आवाज आहे, आणि तालासाठी जमिनीवर झाडू फिरवल्याचा खसखस आवाज आहे. घर झाडण्याचा तो आवाज प्रेमगीतात आणायला फार धीर लागतो. आणि चंद्राच्या या सगळ्या गाण्यांत दोघांपैकी एक जण नसतं, तसं इथे नाही. इथे दोघंही हजर. बरीच वर्षं एकत्र काढलेली, आणि आज पुन्हा नाचूया म्हणणारी.

शरदातल्या विषुवदिनाच्या जवळची पौर्णिमा म्हणजे हार्वेस्ट मून, कापणीचा चंद्र. एरवी चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. या दिवसांत या अक्षांशांवर तो उशीर निम्म्यावर येतो. त्यामुळे सूर्य मावळला की लगेच चंद्र हजर, सलग तीन-चार संध्याकाळी, आणि शेतकऱ्याला कापणी पुढे चालू ठेवता येते. ही पौर्णिमा आपल्या पंचांगात कधी भाद्रपदाची असते, कधी आश्विनाची. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला आपली कोजागिरी होती आणि इकडचा कापणीचा चंद्रही तोच. अमेरिकेतली मराठी मंडळं कोजागिरी सोयीच्या शनिवारी करतात, परसात नाहीतर हॉलबाहेर, मसाला दूध थर्मासमधून कपात. आमच्याकडे गाणी म्हणायची फेरी संपली की कुणीतरी हे गाणं लावतं, आणि एरवी कधी न नाचणारी जोडपी उठतात. बऱ्याच वर्षांच्या लग्नाला लागू पडेल असा चंद्र एवढाच असावा: रोज जवळजवळ ठरल्या वेळी येणारा, आणि काम चालू असतानाच येणारा.

हे गाणं नील यंगने बायकोसाठी, पेगीसाठी लिहिलं. त्यांचं लग्न १९७८ चं. २०१४ मध्ये घटस्फोट झाला, २०१९ च्या पहिल्या दिवशी पेगी गेल्या. हे कळल्यावर काही जण म्हणतात की आता ते गाणं ऐकवत नाही. घटस्फोटाने ते खोटं ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे. १९९२ मध्ये, लग्नाला १४ वर्षं झालेल्या माणसाने बायकोला अंगणात बोलावलं, तेव्हा चंद्र खरोखर वर होता.